तळमजल्याची फरशी पोकळ वाजते, एका ठिकाणी खचलीय. सिमेंट स्लरी (सिमेंटचा पातळ घोळ) भरून भागेल की उकरावंच लागेल?

रोहाऊस_इंदिरानगर
नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगरला १९९८ सालचं रो-हाऊस आहे, मधलं युनिट, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक भिंती. तळमजल्यावर मूळची मोझॅक फरशी होती, २०११ मध्ये त्याच्यावरच २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. बाथरूमला लागून पॅसेज आणि हॉलचा कोपरा मिळून अंदाजे ६० चौरस फूट फरशी पोकळ वाजते. बाथरूमच्या दारासमोरच्या दोन टाइल्स ८ मिमी खाली गेल्या आहेत. सांधे काळे पडलेत, कुबट वास येतो, स्कर्टिंगच्या वर वीतभर भिंतीला पोपडे आणि पांढरे क्षार आहेत. बाथरूममधल्या पाइपलाइनी जुन्या जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या), भिंतीत आणि जमिनीत गाडलेल्या. काँट्रॅक्टर म्हणतो सांध्यात भोकं पाडून स्लरी भरतो, चार दिवसांत काम संपेल. दुसरा म्हणतो सगळं उकरा. नेमकं काय तपासून ठरवावं?

जोते_पातळी
स्लरीचं काम आत्ता करू नका. ग्राउटिंग (फटीत घोळ भरणं) कुठे चालतं ते आधी सांगतो: खालचा कोबा (काँक्रीटचा थर) घट्ट आणि कोरडा असेल, आणि टाइल फक्त मसाल्यापासून सुटली असेल तर. तेही पातळ इपॉक्सीने. सिमेंट स्लरी दोन-तीन मिमीच्या फटीत पसरतच नाही, भोकाभोवती थाळीएवढी गोळा होते आणि कडेचा भाग पोकळच राहतो. तुमच्याकडे टाइल खाली गेलीय, म्हणजे प्रश्न टाइलच्या पाठीचा नसून त्याखालच्या थराचा असण्याची शक्यता जास्त.

ते पाहायला सोपी खूण आहे. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवा आणि स्कर्टिंगच्या खालची फट बघा. फट रुंदावली असेल तर फरशीखालची भरणी खचलीय. स्कर्टिंग जागेवर घट्ट आणि टाइल्सच मध्ये तंबूसारख्या वर आल्या असतील तर ते प्रसरणाचं दुखणं, त्याचा पाण्याशी संबंध असेलच असं नाही.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. उकरण्याआधी शोधा, कारण एकदा पहार लागली की जुनी गळती कुठली आणि आपण फोडलेला पाइप कुठला हे कळत नाही. संशयित पाच: गच्चीच्या टाकीतून येणारी लाइन, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा वाकडा जोड) आणि सांडपाण्याचा पाइप, बाथरूमची फरशी व कोबा, अंगणातली जमिनीखालची टाकी, आणि शेजारचं बाथरूम. रो-हाऊसमध्ये हा पाचवा नेहमी विसरला जातो. शेजाऱ्यांची मोरी तुमच्या पॅसेजच्या भिंतीला लागून असेल तर तुम्ही तुमची बाजू कितीही दुरुस्त करा, ओल तशीच राहणार.

टाक्यांची परीक्षा फुकटात होते. रात्री सगळे नळ बंद, फ्लशच्या टाकीचा कॉक बंद, टाकीत येणारं पाणी बंद. पेन्सिलीने पातळीची रेघ मारा आणि सकाळी बघा. जमिनीखालच्या टाकीला २४ तास द्या, तेवढा वेळ मोटारही लावू नका.

गाडलेल्या लाइनीसाठी प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. गीझर आधी वेगळा करा, त्याची टाकी एवढा दाब सोसेलच असं नाही. गरम-गार लाइनीची टोकं जोडून घ्या किंवा प्लग मारा. दाब सहा किलोला (चौरस सेंटिमीटरला) नेऊन दोन तास ठेवायचं. काटा हलता कामा नये. पंपाच्या जोडावरच गळत असेल तर काटा उतरतो आणि उगाच भिंत फुटते, म्हणून आधी जोड टिश्यू पेपरने पुसून बघा.

सांडपाण्याच्या पाइपसाठी बाहेरच्या चेंबरमध्ये येणारं तोंड बुजवा आणि नहाणीच्या जाळीपर्यंत पाणी भरा. तासाभरात पातळी उतरली तर पाइप किंवा ट्रॅपचा सांधा गेलाय. बाथरूमच्या फरशीची परीक्षा वेगळी: ट्रॅप बंद, उंबऱ्याला आडकाठी, दोन इंच पाणी, २४ तास. बाजूला एक बादली भरून ठेवा. बादलीतलं पाणी जेवढं उतरेल तेवढं बाष्पीभवन, त्याहून जास्त उतरलं ते मुरलं. पाण्यात खाण्याचा रंग टाका आणि शेजाऱ्यांकडे दुसऱ्या रंगाचा. उकरताना कुठला रंग दिसतो त्यावरून वादच मिटतो.

चेंबर उघडाल तेव्हा तळाशी लालसर मुरुमाचा गाळ आहे का ते नक्की बघा. असेल तर ती मोठी खूण. फुटलेल्या पाइपमध्ये बाहेरून मुरुमाची माती वाहून जाते आणि कोब्याखाली पोकळी तयार होते. मग कोबा अधांतरी राहतो आणि माणूस चालला की हळूहळू बसतो.

काळीमाती_अभ्यासक
वरच्या उत्तरात एक भर. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडकोच्या कडेचा भाग हा मूळचा शेतजमिनीचा. खाली काळी माती असेल आणि बांधताना ती न काढता वर मुरूम टाकला असेल तर फरशी पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये बसते. हे हंगामी दुखणं गळतीपेक्षा वेगळं ओळखता येतं: भेगा मेमध्ये उघडतात, ऑगस्टमध्ये मिटतात. गळतीची ओल वर्षभर असते.

एक टाइल खराब जागेतली आणि एक चांगल्या जागेतली काढा. दोन्हीकडे फूटभराचा चौकोनी खड्डा सोलिंगपर्यंत (काँक्रीटखालच्या दगडांच्या थरापर्यंत) घ्या. एकाच खड्ड्यावरून निर्णय नको, तुलना लागते. त्या काळच्या चांगल्या कामात वरून खाली असं दिसायला हवं: टाइल, दीड-दोन इंच मसाला, चार इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), नऊ इंच डबराचं (मोठ्या दगडांचं) सोलिंग, त्याखाली ठोकलेला मुरूम. बऱ्याचदा सोलिंगच्या जागी राडारोडा निघतो. विटांचे तुकडे, पोत्यांच्या चिंध्या, लाकडाचे तुकडे, सगळं. लाकूड निघालं तर वाळवीही बघा.

खड्ड्यातली माती मुठीत दाबा. मुरूम दाबल्यावर फुटतो, काळी माती लाडवासारखी वळते आणि बोटांना चिकटते.

आणि उकरायच्या आधी मेन स्विच बंद. त्या काळात वायरिंगची नळी फरशीच्या मसाल्यातून नेलेली असायची, फरशी फोडायचा ब्रेकर थेट तिच्यावर जातो. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या कामात बसवूनच घ्या.

रोहाऊस_इंदिरानगर
दोघांचेही आभार. निकाल असे: दोन्ही टाक्यांची पातळी हलली नाही. गार लाइन ठीक. गरम लाइन सहा किलोवरून २० मिनिटांत साडेतीनवर आली. बाथरूमच्या फरशीची परीक्षा बादलीबरोबर जुळली. नहाणीचा पाइप भरल्यावर तासात दीड इंच उतरला आणि चेंबरच्या तळाशी लाल गाळ आहेच. शेजाऱ्यांचा रंग आमच्याकडे आला नाही. खड्ड्यात: मोझॅकखालचा पीसीसी शाबूत दिसतो, पण पहार टाकली की धप्प असा आवाज येतो आणि खाली सुमारे दोन इंच पोकळी आहे. चांगल्या जागी सोलिंग व मुरूम व्यवस्थित आहेत, काळी माती लागली नाही. म्हणजे दोन गळत्या?

जोते_पातळी
दोन. गच्चीच्या टाकीत गरम लाइनची गळती दिसली नाही, कारण गीझरचा इनलेट कॉक बंद असेल तर टाकीचा दाब तिथे पोहोचतच नाही. रात्रभर ती गप्प, दिवसा वाहते. ओल धरायला ती पुरेशी आहे, पण पोकळी केलीय नहाणीच्या पाइपने.

गरम लाइन जमिनीतून शोधत बसू नका. जुनी तोडून टोकं बंद करा आणि नवी सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) लाइन भिंतीवरून, चार-पाच फूट उंचीवरून न्या. जमिनीत पुन्हा प्रेशरची लाइन टाकायचीच नाही. नहाणीचा पाइप मात्र उकरून पूर्ण बदला: ट्रॅपपासून चेंबरपर्यंत सलग ११० मिमीचा पीव्हीसी, मीटरला किमान १० मिमी उतार, ट्रॅपभोवती कोब्यात नीट जखडलेला. जुन्या ट्रॅपला नवा पाइप सिमेंटने चिकटवणं हा आवडता शॉर्टकट आहे आणि तो सांधा पुन्हा सुटतो, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही.

आता फरशी. ६० चौरस फूट धरून हिशोब करतो. आधी व्हिट्रिफाइड आणि त्याखालची मोझॅक, दोन्ही काढा. एकावर एक दोन फरश्यांमध्ये पाणी अडकतं. व्हिट्रिफाइड टाइल जवळपास पाणी शोषत नाही, त्यामुळे ओलीला वर यायला फक्त सांधे उरतात. म्हणून तुमचे सांधे काळे पडले. कडेचे सांधे कटरने आधी कापून घ्या, नाहीतर ब्रेकरचे हादरे चांगल्या भागात जातात आणि ६० फुटांचे १०० होतात.

पीसीसी जिथे अधांतरी आहे तिथे तोडाच, त्याच्या पुढे एक फूट घट्ट जागेपर्यंत जा. चिखल झालेला मुरूम घट्ट थर लागेपर्यंत काढा. नवा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकून. एकदम फूटभर भरून वरून कितीही ठोकलं तरी खालचा अर्धा भाग सैलच राहतो, आणि वर्षाभराने तुम्ही इथेच नवा प्रश्न विचाराल. सहा इंच पक्की भरणी हवी असेल तर सैल मुरूम ४० घनफूट मागवा, ठोकल्यावर बसतो. डबर ४५ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास. निघालेला चांगला डबर धुऊन परत वापरा. दगड उभे लावून मधल्या फटीत कपची आणि मुरूम.

सोलिंगवर इंच-दोन इंच वाळू किंवा क्रश सँड. त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, सांध्यावर सहा इंच चढवून टेपने चिकटवलेलं आणि भिंतीकडे फरशीच्या पातळीपर्यंत वळवलेलं. वाळू न टाकता दगडावर थेट प्लास्टिक अंथरलं तर पहिल्या घमेल्यालाच भोक पडतं. ८० चौरस फुटांचं प्लास्टिक पुरेल.

वर चार इंच काँक्रीट १:२:४. सिमेंट ४ पोती, वाळू ९ घनफूट, खडी १८ घनफूट. पोत्याला पाणी २५ लिटरच्या पुढे नको. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जुन्या पीसीसीच्या कडेला दर दीड फुटाला ८ मिमी सळईचे तुकडे चार इंच आत घालून घ्या, म्हणजे नवं-जुनं वेगवेगळं हलणार नाही. सात दिवस ओलं गोणपाट.

काळीमाती_अभ्यासक
वाळवण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि घाई नेमकी तिथेच होते. इथे ऑगस्टमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की खिडक्या उघड्या ठेवून पंखे लावले तरी काँक्रीट फारच हळू वाळतं. पावसात काम उरकायचंच असेल तर खोली बंद करून डीह्युमिडिफायर भाड्याने आणा. नाहीतर उकरण्याचं आणि पाइपचं काम आत्ता करा, काँक्रीट टाका आणि टाइल्स ऑक्टोबरच्या उन्हात घ्या. मधले दिवस फरशीवर प्लायवुडचे तुकडे टाकून चालता येतं.

नवं काँक्रीट २८ दिवसांचं होऊ द्या. मग दोन फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने बंद करून २४ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसलं तर अजून थांबा. काँक्रीटला टोचून बघायच्या स्वस्त मीटरवर भरवसा नको. तो लाकडासाठी मोजलेला असतो, इथे फक्त ही जागा त्या जागेपेक्षा ओली एवढंच सांगतो.

भिंतीचं: क्षार आलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर काढून टाका आणि वीट उघडी ठेवा, महिनाभर तरी. त्यावर लगेच वॉटरप्रूफ सिमेंटचा थर चढवला तर ओल आत दबते आणि वीतभराची ओल कमरेपर्यंत चढते. गळती थांबल्यावर भिंत आपोआप वाळली तर पुढे काही करायची गरज नाही. चार महिन्यांनी पुन्हा क्षार आले तरच जमिनीतून चढणाऱ्या ओलीचं इंजेक्शन वगैरे बघा. ते आधीच विकायला येणारे पुष्कळ भेटतील.

रोहाऊस_इंदिरानगर
२०११ च्या टाइल्सची शेड आता मिळत नाही. १५ टाइल्ससाठी सगळा हॉल बदलायचा का?

जोते_पातळी
नाही. जुळणारी म्हणून जवळपासची शेड आणाल तर ती कायम डोळ्यात खुपेल. पॅसेज आणि हॉल यांच्या रेषेवर तीन इंच काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाका आणि पलीकडे सरळ वेगळी फरशी घ्या, कोटासुद्धा छान दिसतो. हॉलच्या कोपऱ्यातल्या तीन-चार टाइल्ससाठी दिवाणाखालच्या किंवा कपाटाखालच्या अख्ख्या टाइल्स काढून इकडे वापरा. घट्ट बसलेली टाइल अख्खी निघणं अवघड असतं, तेव्हा एक-दोन फुटतील हे धरूनच चला.

बसवताना चिकटवण्याचा मसाला सहा मिमी दातांच्या थापीने एका दिशेने ओढायचा, टाइलच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. २० किलोचं पोतं साधारण ४५ चौरस फूट जातं, दोन पोती लागतील. चार कोपऱ्यांना आणि मध्ये ठिपका टाकून टाइल दाबणारा गवंडी असेल तर तिथेच थांबवा, पुन्हा पोकळ वाजायला तेवढंच पुरतं. तिसरी टाइल बसल्यावर ती उचलून पाठ बघा. सगळीकडे मसाला लागलेला दिसला तर पुढे जाऊ द्या.

पंचवटी_वाडा
याच धाग्यात विचारतो. पंचवटीत जुना वाडा, वरच्या मजल्याला कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांच्यावर फळ्या), त्यावर मातीची भरणी आणि शहाबादी. वरच्या एका खोलीत नंतर मोरी केली होती. तिच्याखाली फळ्या काळ्या पडल्यात आणि एक कडी इंचभर वाकलीय. वरून इपॉक्सी भरून सांधे बंद केले तर चालेल का?

सागवानी
आधी त्या खोलीत राबता बंद करा आणि मोरीचं पाणी तोडा. वरून सांधे बंद करून खालचं ओलं लाकूड वाळणार नाही, कोंडून लवकर कुजेल. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला पुरेसं होतं. सागवानही याला अपवाद नाही, फक्त वेळ जास्त घेतं.

वजनाचा अंदाज घ्या. चार इंच ओली माती चौरस मीटरला १९० किलोच्या घरात, वर इंचभर शहाबादी ६५ किलो. मोरीसाठी कोणी आठ इंच विटांचा कोबा घातला असेल तर तो एकटाच साडेतीनशे किलो. ज्याने बांधलं त्याने कडीला हे वजन कधी धरलं नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. खाली लोखंडी जॅक, दर चार फुटांना, त्यांच्या डोक्यावर ४ बाय ३ इंचाचा आडवा लाकडी धर आणि पायाखाली जाड फळी. कडीला फक्त आधार द्या. जॅक फिरवून एका दिवसात ती सरळ करायला गेलात तर वरच्या भिंतीला तडा जातो. इंचातला थोडा वाक राहू द्यायलाही हरकत नाही. टेकू लागल्यावरच वरची फरशी आणि भरणी काढा. माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, घमेल्याने थेट खाली न्या.

मग तपासणी. टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबा: चांगल्या सागात मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो, कुजलेल्यात सहज अर्धा इंच. कपचा उचकटून बघा. लांब तंतुमय निघाला तर लाकूड जिवंत, आखूड तुकडा तुटला तर गेलं. सगळ्यात जास्त लक्ष भिंतीत शिरलेल्या टोकाकडे द्या, मधली कडी टणटणीत आणि भिंतीतलं टोक भुसा, असं नेहमी निघतं. तिथे ६ मिमीच्या ड्रिलने भोक घ्या. फिकट गुंडाळी निघाली तर ठीक, काळपट ओला भुगा निघाला तर टोक गेलंय.

टोक गेलं म्हणजे अख्खी कडी बदलावी लागते असं नाही. कुजका भाग कापा आणि त्याच्या पुढे निरोगी दिसणारंही फूटभर कापा, बुरशी डोळ्यांना दिसते त्यापुढे गेलेली असते. दोन्ही बाजूंनी नवं सागवान लावा, चांगल्या लाकडावर ते निदान अडीच फूट चढलं पाहिजे, १२ मिमीचे बोल्ट आणि रुंद वॉशर, एका रेषेत न मारता वर-खाली. भिंतीत टोक दगडी पाटीवर टेकवा आणि तिन्ही बाजूंना इंचभर मोकळी जागा सोडा. गवंडी ती फट सिमेंटने गच्च भरतो, समोर उभं राहून भरू देऊ नका. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान शहरात मिळतं, ते मुरलेलं असल्याने नंतर वळत नाही. खिळे मात्र सगळे काढून घ्या. हे सगळं कडीसाठी. मुख्य तुळई मऊ लागली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आल्याशिवाय एक फळीही हलवू नका.

लाकूड वाळल्यावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण दोन हात. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून ओल थांबल्याशिवाय लावणं फुकट.

वर पुन्हा माती किंवा सिमेंटचा कोबा नको. १८ मिमीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय, पाट्यांमध्ये ३ मिमी फट, कडेला दर सहा इंचांना स्क्रू; त्यावर हलकी फरशी. मोरी शक्यतो दगडी भिंतीच्या बाजूला, स्लॅब असलेल्या भागात न्या. तीच जागा हवी असेल तर प्लायवर सिमेंट बोर्ड, त्यावर ताणला जाणारा वॉटरप्रूफ थर भिंतीवर फूटभर चढवून, आणि पाइप सगळे उघडे, खालच्या खोलीतून दिसतील असे. खालून छत बंद करणारं पीओपी किंवा फॉल्स सीलिंग तिथे कधीच करू नका, पुढची गळती दिसली पाहिजे.

पंचवटी_वाडा
समजलं. खालचा मजला गोदेच्या पुरातही भिजलेला आहे, २०१९ ला ओटा ओलांडून पाणी आलं होतं. त्याचं काही वेगळं?

सागवानी
पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, म्हणून आधी गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की फरशीच्या फटीत सिमेंटसारखा बसतो. मग साध्या पाण्याने धुवा, आणि त्यानंतर लिटरला ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं द्रावण. त्याच्याबरोबर फरशी धुवायचं ॲसिड कधीही नको, क्लोरीन वायू निघतो. दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरची मूर्ती, पुराची पातळी तिच्यावरून मोजतात) छातीला पाणी लागलं की ज्यांच्या ओट्यावर पाणी येतं, त्यांनी तळमजल्याला लाकडी लॅमिनेट, व्हिनाइल, टाइलवर टाइल असलं काही घालू नये. चुन्यात बसवलेली शहाबादी भिजते आणि वाळतेही. आणि खालच्या दाराच्या लाकडी चौकटीचा पाय फरशीत गाडू नका, खाली इंचभर दगडाचा तुकडा ठेवा. पाणी सगळ्यात आधी तिथूनच लाकडात चढतं.